दाखला सगळ्यात शेवटी

पत्र

ताई, नमस्कार. माझा मोठा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. यंदा नववीत नापास झाला. गणितात नऊ, इंग्रजीत अकरा. शाळेने बोलावून सांगितलं, "हा दहावीत गेला तर निकाल खाली येईल. दाखला घेऊन जा आणि बाहेरून दहावी करा." जूनपासून तो शाळेत गेलेला नाही. स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री नऊ बसतो, महिना सहा हजार मिळतात. त्याचे वडील टेम्पो चालवतात, मीही कामाला जाते. ते म्हणतात, "हात चालतोय ना, शिकू दे काम." अभ्यासाचं नाव काढलं की मुलगा उठून जातो. लहानपणापासून त्याचं वाचन हळू आहे. तोंडी सगळं नीट सांगतो, लिहायला बसला की अक्षरं गाळतो. एक क्लासवाले म्हणतात, "अठरा हजार भरा, शाळेत जायची गरज नाही, दहावी पास करून देतो." माझी बांगडी गहाण ठेवून पैसे भरू का? येत्या सोमवारी शाळेने दाखला न्यायला बोलावलं आहे.

— एक आई, भांडुप

उत्तर

ताई,

सोमवारी शाळेत नक्की जा, पण दाखला घेऊन येऊ नका. आणि बांगडी हातातच राहू द्या.

दाखला पालकांच्या अर्जावरून मिळतो. तुम्ही अर्ज केला नाही, तर तुमच्या मुलाचं नाव पटावर राहतं. एकदा तुम्ही सही केली की "पालकांनी स्वतःहून नाव काढलं" अशी नोंद होते आणि मग मधल्या महिन्यांत दुसऱ्या शाळेचा दरवाजा उघडायला फार धावपळ करावी लागते. मी वीसेक वर्षं रात्रशाळेत शिकवलं. हातात दाखला आणि कुठेच प्रवेश नाही, अशा अवस्थेत वर्ष-दोन वर्षं घरी बसून मग आमच्याकडे आलेली मुलं मी मोजू शकणार नाही इतकी पाहिली. त्या दोन वर्षांत मुलाची सवय मोडते, आणि बरोबरीची मुलं पुढे गेल्यामुळे वर्गात बसायची लाज वाटू लागते.

तर सोमवारी एक साधा अर्ज लिहून न्या. "माझ्या मुलाला नववीत पुन्हा बसायचं आहे. पुनर्परीक्षेची सोय असल्यास तिची माहिती मिळावी. त्याच्या मागच्या इयत्तांच्या प्रगतिपत्रकांच्या प्रती मिळाव्यात." एवढंच. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. शाळेने अर्ज घेतला नाही किंवा दाखल्यासाठी सही करायचा आग्रह धरला, तर तोच अर्ज तुमच्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात द्या. मुंबईत उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशी त्यांची तीन कार्यालयं आहेत. तुमच्याकडचं कुठलं, ते शाळेच्या क्लार्ककडे किंवा शेजारच्या कुठल्याही शाळेत विचारलंत तरी सांगतील.

आता तुम्हाला रात्री झोप लागू देत नसेल, त्या प्रश्नाबद्दल. हे आपल्याच घरात का झालं?

नववीत गळणारी मुलं मुंबईत गल्लोगल्ली आहेत आणि त्याला कारणं आहेत. २०१० साली अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, दुपारची खिचडीही आठवीपर्यंत. महापालिकेच्या बऱ्याचशा शाळा सातवी-आठवीलाच संपतात, मग मूल नव्या शाळेत, नव्या शिक्षकांपुढे जाऊन बसतं. वर्षानुवर्षं मुलं ढकलपास होत आलेली असतात. त्यामुळे तिसरीत राहून गेलेलं वाचन आणि पाचवीत राहून गेलेला भागाकार नववीत एकदम उघडा पडतो, आणि नेमकं त्याच वर्षी शाळेचं लक्ष दहावीच्या निकालाकडे लागलेलं असतं. आठवीपर्यंत डोक्यावर छत्र असतं, नववीत ते काढून घेतात आणि मग पोराला म्हणतात, तूच भिजलास. तुमच्या मुलाची चूक शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात काही वेगळं, लाजिरवाणं घडलेलं नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर मी थांबले. "वाचन हळू" आणि "तोंडी सांगतो, लिहिताना अक्षरं गाळतो." ही वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे असू शकतं.

मी नवी असताना माझ्या वर्गात कॅन्टीनमध्ये काम करणारा एक मुलगा होता. इतिहासाचा धडा एकदा ऐकला की सनावळीसकट परत सांगायचा. वहीत मात्र एकाच पानावर "पृथ्वी" तीन प्रकारे लिहायचा. मी त्याला वर्षभर निष्काळजी म्हणत राहिले, सगळ्यांसमोर. पुढे एका सहकारी बाईंनी त्याला रुग्णालयात तपासून आणलं, तेव्हा कळलं की त्याला अध्ययन अक्षमता होती. डोकं उत्तम, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना त्याला आपल्यापेक्षा कितीतरी पट कष्ट पडत होते. लेखनिक मिळाल्यावर तो दहावी झाला. त्या वर्षभरातल्या माझ्या बोलण्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुमच्यापाशी हा विषय आग्रहाने काढते आहे.

तुमच्या मुलाला हेच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तपासल्यावरच कळेल. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नायर रुग्णालयात ही तपासणी होते. तपासणीनंतर जे प्रमाणपत्र देतात, त्याला शाळेत आणि क्लासमध्ये "एलडी सर्टिफिकेट" म्हणतात, तोच शब्द वापरला तरी चालेल. एका दिवसात काम होत नाही. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, अशा फेऱ्या होतात, आणि तारीख मिळायलाही वेळ लागतो. म्हणून हे काम आधी सुरू करा. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक घेता येतो, भाषा आणि गणिताच्या बाबतीतही काही सवलती आहेत. सवलतीचा अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. मूल कुठल्यातरी शाळेच्या पटावर असण्याचा हा आणखी एक फायदा. तपासणीत काही निघालं नाही, तरी ती वाया जात नाही. नेमकं कुठल्या इयत्तेचं राहून गेलंय, ते कळतं.

आता रस्ते. "बाहेरून दहावी" हे शाळेने एका वाक्यात सांगितलं, पण त्यात चार वेगवेगळ्या वाटा आहेत आणि सगळ्या तुमच्या मुलाला सारख्या नाहीत.

लोक पहिल्यांदा सांगतात ती सतरा नंबर फॉर्मची. राज्य मंडळाची दहावी, खाजगी विद्यार्थी म्हणून. परीक्षा तीच, पुस्तकं तीच, फक्त शिकवायला कोणी नाही. घरी बसून स्वतः वाचणाऱ्याला ती ठीक आहे. ज्याला वाचणंच जड जातं त्याला पुस्तकं देऊन एकटं सोडायचं, हे मला पटत नाही. ही वाट बाजूला ठेवा.

दुसरी म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू केली. तिची दहावी नोकरीला आणि पुढच्या प्रवेशाला चालते. चौदा वर्षं पूर्ण लागतात, तुमचा मुलगा बसतो. पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही, आणि हे वाचून तुमच्या मुलाचा चेहरा कसा होतो ते पाहा. माध्यम मराठी घेता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. पास झालेला विषय पास राहतो. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषयही तिथे आहेत.

मग हीच का नको? ताई, ही पद्धत ज्या मोकळेपणामुळे चांगली वाटते, त्याच मोकळेपणात मुलं हरवतात. पाच वर्षं आहेत म्हटलं की पहिलं वर्ष तसंच जातं. हजेरी कोणी घेत नाही, चार दिवस दिसला नाहीस म्हणून कोणी विचारत नाही. जिथे घरात रोज तासभर बरोबर बसणारं माणूस आहे, किंवा एखादी संस्था शिकवण्याची बाजू धरते, तिथे एनआयओएस फार चांगलं काम करते. तुमच्याकडे तुम्ही कामावर, वडील टेम्पोवर, मुलगा दुकानात. म्हणून मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवते.

तिसरी वाट रात्रशाळेची, आणि ती मी पहिल्या क्रमांकावर ठेवते. मी तिथली म्हणून पक्षपात करते आहे असं वाटेल, पण कारणं ऐका. काम करणाऱ्यांनी दिवसभर राबून रात्री शिकावं, ही कल्पना आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढून प्रत्यक्षात आणली. मुंबईत गिरणगावातल्या कितीतरी घरांत दहावीचं पहिलं प्रमाणपत्र रात्रशाळेतूनच आलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि वर्गातली माणसंही बदलली. आता बाकांवर डिलिव्हरी करणारी, कॅन्टीनमधली, धुणीभांडी करणारी, दुकानात बसणारी मुलंमुली असतात. काहींचं वय पस्तिशीच्या पुढे असतं. तुमच्या मुलाला नेमकं हेच उपयोगी पडेल. तिथे नापास झालेला असणं ही वेगळी ओळख राहत नाही, कारण प्रत्येकाची कुठेतरी एक गाडी चुकलेलीच असते. आणि रोज साडेसहाच्या सुमारास कोणीतरी त्याची वाट बघत असतं. मुलं टिकतात ती अभ्यासक्रमामुळे कमी आणि कोणीतरी वाट बघतंय म्हणून जास्त, हे मी वीस वर्षं पाहिलं.

उणिवाही सांगते. तीन तासांत सगळे विषय, थकलेली मुलं, काही ठिकाणी शिक्षक अपुरे, प्रयोगशाळा दिवसाच्या शाळेची म्हणून कुलूपबंद. म्हणून शाळा निवडताना बघून निवडा. निकिता केतकर यांची 'मासूम' ही संस्था २००८ पासून मुंबईतल्या रात्रशाळांबरोबर काम करते. त्यांची मदत असलेल्या शाळांत संध्याकाळचा खाऊ, फिरती प्रयोगशाळा, अभ्यासाचं साहित्य अशी सोय असते. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर या पट्ट्यात कुठली रात्रशाळा त्याला दुकानातून वेळेत गाठता येईल, ते त्यांनाच विचारा. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा. गणिताला आणि इंग्रजीला शिक्षक आहेत का, नववीत प्रवेश मिळेल का, आणि मूल गैरहजर राहिलं तर घरी फोन येतो का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर शाळा चांगली समजा.

रात्रशाळेने जागा दिली की मग आताच्या शाळेतून दाखला काढा. तिथे तो लागेलच. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. आधी कारण शोधायचं, मग जागा पक्की करायची, आणि दाखला सगळ्यात शेवटी.

चौथी वाट आयटीआयची, आणि ती वडिलांशी बोलताना काढा. "हात चालतोय, काम शिकू दे" यात त्यांचं चूक काही नाही. रोज टेम्पो चालवणाऱ्या माणसाला पोरगं रिकामं बसण्याची भीती आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांना "तुमचं चुकतंय" म्हणू नका. त्यांना विचारा, हात चालतोय तर तो सहा हजारांवरच का थांबावा? वेल्डर, प्लंबर, वायरमन असे काही ट्रेड आठवी पासवर मिळतात. इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हवा असेल, आणि ज्याला मोबाइलची आवड आहे त्याला तो हवाच असेल, तर दहावी लागते. रेल्वेच्या सगळ्यात खालच्या पदाच्या भरतीलाही दहावी किंवा आयटीआय मागतात. दहावी नसेल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शेरा येतो, आणि आखाती देशांत कामाला जाताना वेगळी परवानगी काढावी लागते. ज्या वडिलांना कामाची भाषा कळते त्यांच्याशी दहावीबद्दल याच भाषेत बोला.

दुकानाबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने अकरा तास काम करणं हे कायद्यातच बसत नाही. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्याप्रमाणे चौदा ते अठरा वयाच्या मुलाचे कामाचे तास, विश्रांतीसकट, दिवसाला सहाच्या वर जाता कामा नयेत, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ त्याला कामावर ठेवता येत नाही. दुकान बंद करायला लावा असं मी म्हणत नाही. तिथे तो सोल्डरिंग शिकतोय, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकतोय, त्याला आपण कामाचे आहोत असं बऱ्याच दिवसांनी वाटत असेल. ते काढून घेतलंत तर तो तुमच्यावरच चिडेल. वडिलांनी मालकाशी बोलावं. अकरा ते पाच बसेल, पगार कमी करा, पण पाचला सोडा. मालक ऐकणारा नसेल तर दुसरं दुकान शोधा, भांडुपमध्ये मोबाइलच्या दुकानांना तोटा नाही. पगार कमी झाला की घरात ओढ बसेल, हे मला ठाऊक आहे. ती दोन वर्षांची ओढ आहे. आधी नवरा-बायकोने बसून हिशेब करा, मुलाला मधे घेऊ नका, नाहीतर तो स्वतःच म्हणेल की मी शाळा सोडतो.

आणि ते क्लासवाले. त्यांना एकच विचारा, "प्रमाणपत्र कुठल्या बोर्डाचं?" एनआयओएस म्हणाले तर त्याची नोंदणी तुम्ही स्वतः, मुलाच्या नावाने, त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर करू शकता. अठरा हजार मधल्या माणसाला कशासाठी द्यायचे? कधी न ऐकलेल्या बोर्डाचं नाव सांगितलं, परीक्षेला दुसऱ्या राज्यात न्यावं लागेल म्हणाले, किंवा "पास करून देतो" हे शब्द पुन्हा तोंडून निघाले, तर तिथून उठा. देशात बनावट शिक्षण मंडळं आहेत. त्यांचा कागद घरी फ्रेम करून लावता येतो, पण आयटीआयच्या खिडकीवर तो परत येतो, आणि तेव्हा मूल अठरा वर्षांचं झालेलं असतं.

ज्यांच्या घरी मुलगी अशीच मधेच थांबली आहे, त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवते. 'प्रथम' संस्थेचा 'सेकंड चान्स' हा कार्यक्रम शाळा सुटलेल्या मुली आणि बायकांकडून दहावी करून घेतो. लग्न झालेल्या, मुलं असलेल्या बायकाही त्यातून दहावी झाल्या आहेत.

राहता राहिलं मुलाशी बोलणं. ते मी शेवटी लिहिते आहे, पण तुम्ही ते सोमवारच्याही आधी करा. घरात, जेवताना, धाकट्या भावंडांसमोर नको. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन बाहेर पडा. गाडीने जरा लांब जा, खिडकीशी शेजारी-शेजारी बसा. समोरासमोर बसलं की पंधरा वर्षांचं पोर बोलत नाही. "पुढे काय करणार आहेस" हे विचारू नका, ते त्याला सगळेच विचारतात. "शाळेत तुला सगळ्यात वाईट कधी वाटलं होतं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. कोणीतरी फळ्यासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावलं असेल, मुलं हसली असतील. असं काही निघालं तर त्या शिक्षकांना बोल लावू नका, मुलाला समजावूही नका. "मला आधी कळायला हवं होतं रे" म्हटलंत तरी पुरे.

मग त्याला एका संध्याकाळी रात्रशाळा नुसती दाखवायला न्या. प्रवेश घ्यायचा नाही, फॉर्म भरायचा नाही. वर्गाच्या दारात उभं राहून बघू दे कोण बसलंय ते. आमच्याकडे असंच "नुसतं बघायला" आलेली बरीच मुलं दुसऱ्या दिवशी एकटी आली होती. तो नाही आला, तर आठवड्याने परत न्या. तेव्हाही नको म्हणाला तर मला लिहा, आपण एनआयओएसमधले दोन सोपे विषय घेऊन सुरुवात कशी करायची ते बघू.

सोमवारी अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्या. त्याच आठवड्यात सायनला जाऊन केसपेपर काढा. आणि घरात पोटमाळ्यावर, पलंगाखाली त्याच्या दुसरी-तिसरीपासूनच्या वह्या असतील, तर रद्दीत घालू नका. डॉक्टर त्या मागतात. जेवढ्या जुन्या सापडतील तेवढ्या बरोबर न्या.

— तुमची ताई